घरी बांधलेल्या पिक-अँड-प्लेसचं सॉफ्टवेअर: ०८०५ बसतात, ०४०२ रुसतात

खटपटी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण थोडक्यात विचारला तर तुम्ही पंचवीस उपप्रश्न विचाराल, म्हणून सगळं आधीच ओतते.

थ्रीडी प्रिंटरच्या सांगाड्यावर पिक-अँड-प्लेस (सर्किट बोर्डावर इवले भाग उचलून ठेवणारं यंत्र) बांधलंय. भाग हवेने ओढून धरणारं एकच नोझल, पोकळ दांड्याची नेमा ८ मोटर, एक कॅमेरा डोक्यावर आणि एक खाली, दोन्ही साधे यूएसबीचे. कंट्रोलर बोर्डावर मार्लिन, म्हणजे मोटरी हलवणारं फर्मवेअर. पट्टे जीटी२, पुली २० दातांची. टेप आपोआप पुढे सरकवणारे फीडर नाहीत, भाग ज्या टेपमध्ये येतात तिचे कापलेले तुकडे पटाच्या डाव्या आणि उजव्या कडेला खोबणीत बसवलेत, खालचा कॅमेरा दोन्हींच्या मधोमध.

सॉफ्टवेअर माझंच, पायथन आणि ओपनसीव्ही. तयार यंत्रांबरोबर येतात ती सॉफ्टवेअरं त्या त्या यंत्रालाच जखडलेली असतात. ओपनपीएनपी हे कुठल्याही यंत्राला जोडता येणारं खुलं सॉफ्टवेअर उघडून पाहिलं होतं, पण सेटिंग्जच्या झाडाच्या फांद्या मोजता मोजता रात्र झाली आणि बंद केलं. मला हवं होतं हलकं, जुन्या लॅपटॉपवर चालणारं, माझ्यासारख्या चार जणांना फुकट देता येईल असं काहीतरी.

आज माझं सॉफ्टवेअर कायकॅडची (बोर्ड आखायच्या प्रोग्रॅमची) पोझिशन फाइल, म्हणजे कुठला भाग कुठे त्याची यादी, वाचतं, बोर्डावरचे दोन फिड्यूशियल (जागा ओळखायच्या खुणा) शोधतं, टेपची भोकं कॅमेऱ्याने ओळखून त्यावरून खण कुठे ते काढतं (भोकं ४ मिमीवर, ०४०२ या बारीक मापाच्या भागांचे खण २ मिमीवर, हे डोक्यात शिरेपर्यंत मी दर दुसरा रेझिस्टर टेपमध्येच सोडत होते), भाग उचलतं, खालच्या कॅमेऱ्यावर नेऊन किती सरकलाय ते बघतं आणि ठेवतं. बोर्डावर ८४ भाग आहेत. एका भागाला साधारण ९ सेकंद.

मोठ्या मापाचे ०८०५ झकास बसतात. ०६०३ ला बोट ठेवायला जागा नाही. ०४०२ मात्र ०.१५, कधी ०.२ मिमी बाजूला. भागच ०.५ मिमी रुंद, म्हणजे जवळजवळ अर्धं अंग पॅडच्या बाहेर. आणि दर वेळी एकाच दिशेला नाही, नाहीतर एक आकडा वजा करून मोकळी झाले असते. गणिताने एक मायक्रोस्टेप, म्हणजे मोटरचं सगळ्यात लहान पाऊल, ०.०१२५ मिमी. मग ०.२ येतं कुठून?

दुसरा प्रश्न मोठा आहे. हे पुढे लिहीत राहू, की गुमान ओपनपीएनपी लावू?

---

सरळसोट

ओपनपीएनपी लावा. विषय संपला. तुम्हाला पुढच्या वर्षी ज्या चुका सापडणार आहेत त्या त्यांनी आधीच करून, निस्तरून ठेवल्यात.

---

कथील

विषय संपला असं सरळसोट दर धाग्यावर म्हणतात आणि विषय काही संपत नाही.

खटपटी, मोठ्या प्रश्नाकडे नंतर येतो. ०.२ चं उत्तर हाती नसताना सॉफ्टवेअर बदललंत तर तीच चूक नव्या खिडकीत दिसेल, एवढंच.

आधी ते ०.०१२५. वीस दात गुणिले २ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात ४० मिमी. मोटरच्या २०० पावलांचे सोळा-सोळा तुकडे केले की ३२००. भागाकार बरोबर आहे. पण तुम्ही मोटरला काय सांगितलंत त्याचा तो हिशोब झाला. नोझल कुठे पोचलं हे त्याला ठाऊक नाही. पट्टा ताणतो, गाडी रुळावर किंचित चिकटते, दोन-तीन मायक्रोस्टेप नुसत्या पिळात जातात. माझ्या पहिल्या यंत्रावर मी हाच आकडा दशांशाच्या चार स्थळांपर्यंत पडद्यावर दाखवायचो. बघायला येणारे खूश, बोर्डं वाकडी.

तर असं करा. सोल्डर पेस्टला हात लावू नका. कोऱ्या बोर्डावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा आणि त्यावर चाळीस ०४०२ ठेवा. वीस डाव्या खोबणीतले, वीस उजव्या. प्रत्येक बाजूचे पाच ० अंशात, पाच ९० मध्ये, पाच १८०, पाच २७०. मग डोक्यावरच्या कॅमेऱ्याने प्रत्येकाची खरी जागा मोजा आणि चूक एक्स आणि वायमध्ये वेगळी लिहा. सरासरी काढू नका! सरासरीने मला सहा महिने फसवलंय. नुसते ठिपके कागदावर मांडा आणि इथे सांगा.

आणखी एक. हलवायचा हुकूम दिल्यावर फोटो कधी काढता? मार्लिनकडून ओके आलं की?

---

खटपटी

ओके आल्यावर ०.७ सेकंद थांबते, मग फोटो. आधी ०.३ होतं, तेव्हा कधीकधी फोटोत नोझलच नसायचं. म्हणून वाढवत वाढवत ०.७ वर आणलं.

---

कथील

वाटलंच होतं. मार्लिनचं ओके म्हणजे ‘हुकूम मिळाला, रांगेत लावलाय’. ‘पोचलो’ असा त्याचा अर्थ नाही. पोचेपर्यंत थांबायचं असेल तर हालचालीच्या मागे एम४०० पाठवा. त्याचं ओके रांगेतल्या सगळ्या हालचाली संपल्यावरच येतं. तुमचे ०.७ सेकंद जवळच्या खोबणीला फुकट जातात आणि लांबच्या खोबणीला एखाद दिवशी कमी पडतील. जिथे जिथे ठरावीक वेळ थांबायची ‘झोप’ घातलीय तिथे एम४०० घाला आणि त्यानंतर सांगाड्याची थरथर शमायला थोडासा वेळ ठेवा. किती तो फोटो बघून ठरवा. माझ्याकडे ०.१२ सेकंद पुरतात, पण माझा पट लोखंडी आहे.

एवढं करूनही एक खोड राहते. यूएसबी कॅमेरा आणि ओपनसीव्हीच्या मधे काही फ्रेम साठलेल्या असतात. तुम्ही ‘आत्ताचा फोटो दे’ म्हणता आणि हातात पडतो मघाचा. थांबल्यानंतर दोन-तीन फ्रेम वाचून फेकून द्या, पुढची वापरा. किंवा कॅमेरा वेगळ्या थ्रेडमध्ये सतत वाचत ठेवा आणि वेळेचा शिक्का बघून फ्रेम घ्या. दुसरा मार्ग बरा, पण पहिला आज रात्री होईल.

---

भिंगवाला

कथील यांनी कॅमेऱ्याचा विषय काढलाच आहे तर माझंही घ्या. आपोआप एक्स्पोझर आणि आपोआप व्हाइट बॅलन्स, दोन्ही बंद आहेत ना? चालू असतील तर काळा आयसी आला की चित्र उजळतं, पांढरा कपॅसिटर आला की अंधारतं, आणि कडा दर वेळी निराळ्या जागी सापडते.

दोन्ही कॅमेरे एकाच यूएसबी हबवर असतील तर तेही तपासा. १२८० गुणिले ७२०, दर पिक्सेलला दोन बाइट, सेकंदाला ३० फ्रेम: एकट्या कॅमेऱ्याचे ४४२ मेगाबिट होतात. यूएसबी २ ची कागदावरचीच मर्यादा ४८०. दुसरा कॅमेरा मग उपाशी. एकतर एमजेपीईजी (दाबून लहान केलेलं चित्र) घ्या, नाहीतर फ्रेम कमी करा.

---

खटपटी

दोन रात्री गेल्या. ठिपके मांडले. कथीलकाका, तुम्हाला आधीच माहीत होतं ना?

एक्समध्ये दोन वेगळे पुंजके आले. डाव्या खोबणीतले भाग सरासरी ०.०७ मिमी एका बाजूला (सरासरी काढलीच, पण पुंजक्यांची वेगळी), उजव्या खोबणीतले ०.०८ मिमी बरोबर उलट बाजूला. वायमध्ये पुंजके नाहीत. पण दोन्हींत कोनाप्रमाणे फरक दिसतो: ० अंशाचे पाच एका जागी जमलेत, १८० चे पाच त्यांच्यापासून ०.१ च्या आसपास लांब.

एम४०० घातलं. एका भागाचे ९ सेकंद होते ते साडेसहावर आले. म्हणजे ८४ भागांना साडेबारा मिनिटं लागत होती ती आता नऊ. आपोआप एक्स्पोझर चालूच होतं. भिंगवाला, शरमेने मान खाली.

---

कथील

काका नको. केस गेलेत ते सोल्डरच्या धुराने.

तुमच्या ठिपक्यांत दोन रोग वेगळे दिसतायत.

पहिला, डावं-उजवं. डाव्या खोबणीतून कॅमेऱ्यावर येताना गाडी डावीकडून येते, उजव्या खोबणीतून उजवीकडून. पट्ट्याचा ढिलेपणा दर वेळी दुसऱ्या अंगाला पडतो. म्हणजे ‘कॅमेऱ्याचा मध्य’ म्हणून तुम्ही जिथे थांबता त्या प्रत्यक्षात दोन जागा आहेत, ०.१५ मिमी अंतराच्या. भाग नोझलवर सरळ असला तरी कॅमेरा म्हणतो सरकलाय, तुम्ही त्याचं ऐकून दुरुस्ती करता, आणि बरोबर असलेला भाग चुकीचा ठेवता. ०८०५ ला हे सगळं तसंच होतंय, फक्त पॅड मोठे म्हणून पोटात घेतात.

आधी पट्टा आणि पुलीचा स्क्रू तपासा, कारण स्क्रू ढिला असेल तर सॉफ्टवेअरने त्याला मलम लावणं बरं नाही. त्यातून उरेल त्यासाठी: ज्या हालचालीनंतर अचूकपणा हवा, म्हणजे उचलणं, कॅमेरा आणि ठेवणं, तिथे शेवटचा अर्धा मिमी कायम एकाच बाजूने या. उजवीकडून येत असाल तर जागा ओलांडून अर्धा मिमी पुढे जा आणि परत फिरा. थोडा वेळ जातो. डोक्यावरच्या कॅमेऱ्याने फिड्यूशियल आणि टेपची भोकं बघतानाही हाच नियम, नाहीतर मोजणी एका रीतीने आणि काम दुसऱ्या रीतीने होईल.

दुसरा रोग कोनाचा. नोझलचं टोक मोटरच्या अक्षावर तंतोतंत नसतं. फिरवलं की ते छोटं वर्तुळ काढतं. याला रनआउट म्हणतात. तुमचं वर्तुळ साधारण ०.०५ मिमी त्रिज्येचं असावं, म्हणून ० आणि १८० मध्ये ०.१ चा फरक. आता सांगा, खालच्या कॅमेऱ्यावर भाग कोणत्या कोनात बघता?

---

खटपटी

उचलला त्याच कोनात, ० मध्ये. मग मोजलेला सरक गणिताने फिरवते आणि ठेवताना मोटर फिरवते.

---

कथील

मग उलट करा. आधी फिरवा, मग बघा. ज्या कोनात ठेवायचाय तो कोन कॅमेऱ्यावर यायच्या आधीच देऊन टाका आणि त्याच अवस्थेत मोजा. नोझल वाकडं असो की भाग वाकडा उचललेला असो, कॅमेऱ्याला दिसतो तो शेवटचा परिणाम, आणि तोच वजा होतो. फोटोनंतर मोटरला अंश-दोन अंश काय ती दुरुस्ती उरते, तेवढ्यात वर्तुळाचा परिणाम नगण्य. ओपनपीएनपीमध्येही खालच्या कॅमेऱ्यासाठी आधी फिरवण्याची सोय आहे, ती याचसाठी.

तरीही रिकामं नोझल आठ कोनांत फिरवून टोकाचा मध्य मोजा आणि त्या आठ बिंदूंत वर्तुळ बसवा. उचलताना खणाच्या मध्यावर नेमकं उतरायला ते लागतं. ०४०२ कडेला उचलला तर हवा निसटते आणि भाग उभा राहतो.

दोन फिड्यूशियलबद्दल: दोनांवरून सरक, फिरकी आणि एकसारखा ताण निघतो, पण यंत्राचे दोन अक्ष आपसात काटकोनात नसतील तर ते कळत नाही. ०.१ अंशाचा तिरकेपणा १०० मिमीवर ०.१७ मिमी होतो. तिसरा फिड्यूशियल घ्या, सहा अज्ञातांचं गणित आहे, दहा ओळींत होतं.

---

स्वल्पविराम

यंत्र तुमच्यापैकी कोणीतरी दुरुस्त करेलच, मी फाइलींचा माणूस. सॉफ्टवेअर चार जणांना देणार म्हणताय म्हणून सांगतो. ते चार जण पोझिशन फाइल आधी स्प्रेडशीटमध्ये उघडतील. उघडताना ०४०२ चा होईल ४०२, कारण स्प्रेडशीटला तो आकडा वाटतो आणि पुढचा शून्य तो गिळतो. मग तुमचं सॉफ्टवेअर म्हणेल ‘४०२ नावाचं पॅकेज नाही’ आणि तो माणूस तुम्हाला रात्री फोन करेल.

दुसरा किस्सा माझा स्वतःचा. ज्या भाषेत दशांशाला स्वल्पविराम वापरतात त्या सेटिंगच्या संगणकावर माझा प्रोग्रॅम एक्स१२.५ च्या जागी एक्स१२,५ पाठवायला लागला. कंट्रोलरने १२ पर्यंत वाचलं. सगळे भाग अर्ध्या-पाऊण मिमीने अलीकडे, आणि मी दिवसभर पट्टे ताणत बसलो. या टोपणनावाचा उगम तो.

तिसरं कोनांचं. फूटप्रिंटचा शून्य कोन एक, आणि टेपमध्ये भाग पडलेला असतो तो दुसराच. ही दुरुस्ती जॉबच्या फाइलीत करू नका. पॅकेजची पॅकेजपाशी ठेवा, टेपची टेपपाशी. नाहीतर दर नव्या बोर्डाला तोच डायोड नव्याने उलटा बसेल. आणि कायकॅडमधून बाहेर काढताना कुठला मूळबिंदू निवडला होता आणि खालच्या बाजूच्या भागांचा एक्स ऋण केला होता का, हे पडद्यावर दाखवून विचारा. फाइल बघून अंदाज बांधू नका.

---

सरळसोट

हे सगळं वाचून माझं मत पक्कं झालं. बॅकलॅश (तोच पट्ट्याचा ढिलेपणा), रनआउट, काटकोन, आधी फिरवणं, सगळं ओपनपीएनपीमध्ये आहे. लुमेनपीएनपी हे खुलं यंत्र तर त्यावरच चालतं, तेही मार्लिनच्याच जोडीने. फुकट आहे. परवडणारं यापेक्षा काय असतं?

---

कथील

तुमचं म्हणणं नव्वद टक्के खरं आहे, पण ‘फुकट’ शब्दाशी अडतो. खटपटीच्या चार मित्रांना पैशाचा प्रश्न नाहीच. पहिलं बोर्ड निघेपर्यंत किती रात्री जातात, हीच त्यांची किंमत. ओपनपीएनपी कुठल्याही यंत्राला बसावं म्हणून बनलंय, म्हणून त्यात सगळ्या यंत्रांच्या खिट्या आहेत. ठरलेल्या एकाच यंत्रासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरला त्यातल्या बऱ्याच लागत नाहीत.

माझं सांगतो. मी तीन वर्षं स्वतःचं लिहिलं. गती माझी, दृष्टी माझी, पडदाही माझा. नंतर गती आणि दृष्टी टाकून दिली आणि ओपनपीएनपीवर गेलो. आजही माझं चालतं ते त्याच्या अलीकडचं: पोझिशन फाइल साफ करणं, कुठल्या खोबणीत कुठली टेप लावायची त्याचा कागद छापणं, किती भाग उरले ते मोजणं. तो भाग कोणी आयता देत नाही, कारण तो ज्याच्या त्याच्या टेबलाचा असतो.

पण तुमचं मोजणं आता चालायला लागलंय, तर टाकू नका. पुढे मात्र कॅमेऱ्याच्या नव्या करामतींत वेळ घालवू नका. यंत्र अडतं तेव्हा काय होतं ते लिहा. माझ्याकडे एकदा पंप बंद पडला. सॉफ्टवेअरला पत्ता नाही. रिकाम्या नोझलने चाळीस जागी पेस्टमध्ये टोक बुडवलं, प्रत्येक वेळी ‘ठेवला’ अशी नोंद केली, आणि शेवटी पडद्यावर हिरवी खूण. मी शेजारच्या खोलीत होतो.

तेव्हा: प्रत्येक भाग ठेवला की लगेच डिस्कवर नोंद, एसक्यूलाइट डेटाबेसची एक ओळ पुरते. वीज गेली, लॅपटॉप झोपला, तरी ६१ व्या भागापासून पुढे चालू करता आलं पाहिजे. भाग सापडला नाही तर दोनदा प्रयत्न, मग तो बाजूला ठेवून पुढचे करा आणि शेवटी माणसाला यादी द्या. आणि एका जागी लागोपाठ तीन चुका झाल्या तर थांबा, कारण मग टेप संपलीय किंवा पंप गेलाय.

निर्वाताच्या सेन्सरवर ०४०२ साठी विसंबू नका. नोझलचं भोकच इतकं बारीक की भाग असला काय, नसला काय, दाब जेमतेम हलतो. तिथे कॅमेराच साक्षीदार.

परवान्याचं एक वाक्य: ओपनपीएनपी जीपीएल ३ खाली आहे. वाचून शिका, खुशाल. त्यातला कोड उचलून स्वतःच्यात घातलात आणि मित्रांना वाटलात तर तुमचंही त्याच परवान्याखाली, कोडसकट द्यावं लागेल. तुम्हाला तसंही फुकटच द्यायचंय, पण आधी ठरवा.

---

खटपटी

आठवड्यानंतर.

एक्सच्या पुलीचा स्क्रू खरंच ढिला होता. पाव फेरा. तेवढ्याने पुंजक्यांतलं अंतर ०.१५ चं ०.०६ वर आलं, उरलेलं एकाच बाजूने येण्याने गेलं. आधी फिरवून मग बघणं लावलं. पुन्हा चाळीस ०४०२ टेपवर ठेवले: सगळ्यात वाईट ०.०५ मिमी. काल खऱ्या पेस्टवर चार बोर्डं केली. पहिली तीन भट्टीतून काढल्यावर भिंगाखाली मी बराच वेळ नुसती बघतच बसले.

स्वल्पविराम, शून्य गिळलेल्या पॅकेजसाठी आता प्रश्न विचारते: ‘४०२ म्हणजे ०४०२ का?’ पहिल्याच मित्राला तो प्रश्न पडद्यावर आला.

चौथ्या बोर्डावर सी१७ गायब. नोंदीत ‘ठेवला’. पेस्टवर त्याचा ठसासुद्धा आहे, म्हणजे तो तिथे टेकला होता. पुढचा भाग उचलायला गेल्यावर कॅमेऱ्याला ‘ओळखू न येणारा आकार’ दिसला आणि यंत्र थांबलं. फोटो बघितला तर नोझलच्या टोकाला दोन कपॅसिटर, एकावर एक.

---

कथील

पंप बंद केला तरी नळीत निर्वात उरतो. झडप अशी लावा की नळी बाहेरच्या हवेला उघडेल, आणि वर उचलण्याआधी थोडं थांबा. किती, ते नळीच्या लांबीवर, ०.१ सेकंदापासून सुरू करा.

आणि नोझलचं टोक पुसा. पेस्ट लागली असणार.

---

खटपटी

लागली होती.